मावशीच्या टँकमधले पाहुणे

वरच्या मजल्यावरच्यांचा पाइप फुटला आणि धाकट्याच्या घराची फरशी उखडून काढायची वेळ आली, तेव्हा तो एक सूटकेस आणि तीन बादल्या घेऊन ताईकडे राहायला आला. सूटकेस त्याने टॅक्सीतच विसरली होती, ती ड्रायव्हरने मागून आणून दिली. बादल्या मात्र तो स्वतः एकेक करून वर घेऊन आला, आणि जिना चढताना ओरडत होता, "बाजूला व्हा! धक्का लावू नका!" जिन्यात त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं.

बादल्यांत त्याची कोरलं होती, समुद्रातली जिवंत प्रवाळं. दगडी जातीची, फांद्याफांद्यांची, नाजूक. त्यातलं सर्वांत मोठं जांभळं, हरणाच्या शिंगांसारखं वाढलेलं. घरात त्याला शिंगं असंच म्हणत. धाकटा बँकेत कामाला होता आणि बँकेतल्या कुणाचाही वाढदिवस त्याच्या लक्षात राहत नसे, पण शिंगांना नवी फांदी कधी फुटली ते तो न अडखळता सांगे.

ताईच्या हॉलमध्ये, इतरांच्या घरी टीव्ही असतो त्या जागी, खाऱ्या पाण्याचा चार फुटी काचेचा टँक होता. टीव्ही आतल्या खोलीत गेला होता आणि त्याबद्दल ताईच्या नवऱ्याने अधूनमधून सुस्कारे सोडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ताई हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवायचे आणि घरी आलं की पर्स खांद्यावर तशीच ठेवून टँकसमोर उभं राहायचं, हा तिचा क्रम. टँकमध्ये तिने फक्त लेदर कोरलं पाळली होती. नावाप्रमाणेच ती चामड्यासारखी. आत दगडी सांगाडा नाही, हात लावला तर ओल्या हातमोज्यासारखी लागतात.

त्या सगळ्यांत मोठी मावशी. जाड देठ, वर जेवणाच्या ताटाएवढी लाटालाटांची टोपी, आणि त्या टोपीतून बाहेर आलेले शेकडो बारीक हात, पाण्याच्या ओढीबरोबर डुलणारे. अधूनमधून तिचं बिनसे. मग सगळे हात आत, अंग साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, आणि आठवडाभर कुणाशी बोलणं नाही. शेवटी अंगावरचा पातळ पापुद्रा टाकून ती पुन्हा फुले. "अगदी माझी बहीण," असं एकदा सासूबाई म्हणाल्या आणि तेव्हापासून ती मावशी झाली. धाकटा आधी सासूबाईंना मावशी म्हणायचा. घोटाळा नको म्हणून तो त्यांना काकू म्हणू लागला.

मावशी ताईकडे आली तेव्हा अंगठ्याएवढी होती, रबरबँडने एका दगडाला बांधलेली. त्याला आठ वर्षं झाली. मधे घर बदललं तेव्हा सामान टेंपोतून आलं आणि मावशी टॅक्सीतून, ताईच्या मांडीवरच्या डब्यात.

"चालेल ना गं ताई, माझी यांच्यात?" धाकट्याने विचारलं.

"न चालायला काय झालं? उजवीकडची जागा रिकामीच आहे."

रिकामी नव्हती. सकाळीच तिने तिथली दोन लेदरं उचलून मागे कोंबली होती.

"तुझी म्हणजे काय, बिगारीतली कोरलं," धाकटा हसत म्हणाला. "त्यांना काही होत नाही. माझ्यांचे फार लाड."

"दिसतंय. मालकावर गेलीत."

दोघंही हसले, पण एक गोष्ट दोघांनाही ठाऊक होती आणि दोघांनीही ती काढली नाही. लेदर कोरलं दिसायला गरीब, पण आतून तिखट. शेजारी कुणी वाढू नये म्हणून ती पाण्यात एक प्रकारचा रस सोडतात आणि दगडी कोरलांना तो सोसत नाही. दोन्ही एकत्र ठेवायचीच असली, तर पाण्याच्या वाटेवर कोळशाची जाळीदार पिशवी ठेवतात. हा कोळसा शेगडीतला नव्हे. टँकच्या सामानाच्या दुकानात मिळणारा बारीक काळा दाणा, पाण्यातला पिवळेपणा आणि असले रस शोषून घेणारा. ताईच्या टँकखालच्या कपाटात, जिथे गाळणी आणि पंप होता, तिथे अशी एक लहान पिशवी नेहमीच असे.

आता या घराची पद्धत सांगायला हवी. इथे पाहुण्याला कुणी थेट काही म्हणत नाही आणि पाहुणाही घराला काही म्हणत नाही. जे करायचं ते गुपचूप, समोरच्याला कळू न देता. धाकट्याने चहातली साखर केव्हाच सोडली होती, पण लहानपणी त्याला दोन चमचे लागत म्हणून ताई दोन घालायची आणि तो प्यायचा. नवरा रोज दाढी करताना मोठ्याने बातम्या ऐकायचा. मेहुण्याची झोपमोड नको म्हणून तो आता मुक्याने दाढी करू लागला, आणि धाकटा मात्र पहाटेपासून जागा राहून, यांना बाथरूम मोकळी मिळावी म्हणून झोपल्याचं सोंग करू लागला. पहिल्याच दिवशी धाकटा सोफ्यावर सासूबाईंच्या जागेवर बसला. सासूबाई लाकडी खुर्चीत गेल्या. "पाठीला हेच बरं," म्हणाल्या. चार दिवसांत त्यांची पाठ धरली आणि ताईला हॉस्पिटलमधून आल्यावर घरीही एक पेशंट मिळाला.

सगळे एकमेकांसाठी इतके झटत होते की घरात कुणालाच नीट बसता येत नव्हतं.

टँकचं पाणी मात्र दिवसेंदिवस सुंदर होत चाललं. आधी ते स्वच्छ होतं, आता ते नसल्यासारखंच झालं. मागच्या काचेवरचा ओरखडासुद्धा दिसू लागला.

"नंबर बदलल्यासारखं वाटतंय," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्याला नंबरात दिसत. "अर्धा नंबर तरी नक्की."

"ताईच्या हाताला गुण आहे," धाकटा म्हणाला.

"तुझी कोरलं आल्यापासूनच आहे हे," ताई म्हणाली. "पायगुण चांगला."

"कोरलांना पाय कुठून आले?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

मग शिंगं पांढरी पडायला लागली.

आधी नुसती टोकं फिकी झाली. कोरल वाढत असलं तरी टोकं फिकी असतात, म्हणून दोन दिवस सगळ्यांनी ती वाढत आहेत असं मानलं. तिसऱ्या दिवशी वरच्या फांद्यांचा जांभळा रंग पार उडाला. पांढरं पडलेलं दगडी कोरल पुन्हा रंग धरतं, पण दर वेळी नाही. धाकटा टँकसमोर उभा राहिला, खाली वाकला, पुन्हा उभा राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "प्रवासाचा शीण असेल."

"हो, असेल," ताई म्हणाली.

प्रवास होऊन तीन आठवडे झाले होते.

त्याच सुमाराला मावशीही मिटली. सगळे हात आत घेतले, टोपीच्या कडा खाली ओढल्या. ताईने तिचे रुसवे पुष्कळ पाहिले होते, पण या वेळी ती अंगाने बारीकही झाल्यासारखी वाटत होती. ताईला त्याचा एकच अर्थ लागला. उजवीकडे शिंगं, डावीकडे मावशी. दोघींचं जुंपलं आहे, मावशी रस सोडते आहे, शिंगं मरत आहेत. कोळशाला ते आवरत नाही.

स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला गाठलं आणि नळ सोडून बोलायला सुरुवात केली.

"मी मावशी देऊन टाकतेय."

"काय?"

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. कुणाला?"

"डेंटिस्टबाईंना. त्यांच्या क्लिनिकमध्ये टँक आहे, लेदरंच आहेत. कधीपासून मागे लागल्यात."

डेंटिस्टबाई ताईच्या पेशंट. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून त्यांचा खांदा आखडला होता. तो सोडवता सोडवता कोरलांचा विषय निघाला आणि खांदा बरा झाल्यावरही तो संपला नव्हता.

"अगं, आठ वर्षं सांभाळलीस," नवरा म्हणाला. "त्यापेक्षा त्यालाच सांग ना, की बाबा, तुझी दुसरीकडे हलव."

"कुठे हलवणार? घरात फरशी नाही त्याच्या. पाहुणा म्हणून आला आणि आपल्याकडे येऊन त्याचं मेलं, असं व्हायला नको."

"मग निदान त्याला विचार तरी."

"विचारलं की तो नको म्हणणार. म्हणून सांगायचंच नाही."

नवऱ्याने नळ बंद केला. त्याच्या मते संभाषण संपलं होतं आणि पाणी वाया जात होतं.

रात्रीच्या जेवणाला ताईने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मावशी फार मोठी झालीय रे. टोपीच्या सावलीत खाली काही वाढत नाही. रविवारी डेंटिस्टबाई नेणारेत तिला. कधीचं ठरलंय."

धाकट्याचा घास हातातच राहिला. "कधीचं?"

"तू यायच्या आधीपासून."

"बरं," तो म्हणाला. जेवण झाल्यावर तो गॅलरीत जाऊन बराच वेळ फोनवर कुजबुजत होता.

ताईने ताटं उचलली. जेवण झालं की हात पुसून आधी मावशीला बघायला टँकपाशी जायचं, हे तिचं ठरलेलं होतं, पण त्या दिवशी ती गेली नाही. गेली असती तर मावशीला द्यायचा निश्चय रविवारपर्यंत टिकला नसता.

रविवारी सकाळी डेंटिस्टबाई स्वतःची बादली, झाकण आणि थर्मामीटर घेऊन हजर झाल्या. ताईने बाह्या वर केल्या. आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून धाकटाही बादली घेऊन बाहेर आला.

"तू कुठे?" ताईने विचारलं.

"मी... जरा कोरलं हलवतोय. मित्राकडे. कधीचं ठरलंय."

"कधीचं?"

"इथे यायच्या आधीपासून."

"कोण मित्र?"

"आहे एक. त्याच्याकडे गोल्डफिशची टाकी आहे."

"गोड्या पाण्यात कोरलं ठेवणारेस?" ताईचा आवाज चढला.

"मीठ घालणारेय ना तो!"

नवरा वर्तमानपत्रामागे गेला. डेंटिस्टबाईंना या घराची पद्धत माहीत नव्हती, त्यामुळे त्या सरळ टँकपाशी गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि आत पाहू लागल्या.

"शिंगं वरूनच पांढरी झालीत," त्या म्हणाल्या.

"मावशीमुळे," ताई म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"मावशी डावीकडे आहे ना? डावीकडची बाजू तर छान जांभळी आहे. खालचीही. वरच्या दिव्याकडे तोंड आहे तेवढंच गेलंय." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "आणि तुमची लेदरंसुद्धा वरूनच आखडलीत. हे भांडण नाही, हे भाजणं आहे. दिवा बदललात?"

"नाही."

"मग पाण्याला काय केलंत? एवढं पारदर्शक पाणी मी फक्त ग्लासात बघते. कोळसा किती घालता?"

"एक पिशवी," ताई म्हणाली. "लहान."

डेंटिस्टबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "रोज दोनदा ब्रश करतो म्हणणारे पेशंट माझ्याकडे दिवसभर येतात. नीट सांगा."

ताई खाली बसली, तिने कपाट उघडलं आणि गाळणीमागून दुसरी पिशवी काढली. पहिलीच्या दुप्पट. "तो आला त्या दिवशी टाकली," ती म्हणाली. "त्याला दिसली असती तर त्याला वाटलं असतं, माझी कोरलं विषारी आहेत म्हणून मी घाबरलेय."

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने टँकमध्ये हात घातला आणि मागच्या खडकाच्या आडून एक पिशवी ओढून काढली. ती पिशवी नव्हती, पायमोजा होता. गच्च भरलेला.

"हे काय?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून लपवला. मी कोळसा टाकला असता तर तुला वाटलं असतं, हा मावशीवर संशय घेतो."

"माझ्या मावशीवर?"

"घेतच होतो ना!"

वर्तमानपत्र खाली आलं. "पंपाच्या डब्यातही एक आहे," नवरा म्हणाला. "माझी. तुमच्या दोघांत वाद नको म्हणून."

डेंटिस्टबाईंनी बाहेर आलेल्या दोन ओल्या पिशव्यांकडे आणि पंपाच्या डब्याकडे पाहिलं. "पाण्याला थोडा पिवळेपणा असतो, तो दिव्याचा जोर मोडतो. तो तुम्ही सगळा एकदम काढलात. वर्षभर काळा चष्मा घालून सावलीत बसणाऱ्या माणसाला उन्हात नेऊन चष्मा काढल्यासारखं झालं हे."

"बरोबर," नवरा म्हणाला. उपमा त्याच्या धंद्यातली होती.

"तरीसुद्धा इतकं?" त्या वर वाकून दिव्याकडे पाहू लागल्या. "याच्या काचेवर मिठाचा थर असतो नेहमी. ही तर लख्ख आहे."

सगळे सासूबाईंकडे वळले.

"माझ्याकडे काय बघता? मी आतल्या कशाला हात लावलेला नाही," सासूबाई म्हणाल्या. "वरची काच फक्त पुसते. रोज. पाहुण्याच्या झाडांना उजेड मिळायला नको?"

आधी धाकटा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की शिंगांच्या वरच्या फांद्या खरोखरच जात होत्या, आणि तो हसायचा थांबला.

"आत्ता या परत ठेवा आणि एकेक करून काढा पिशव्या," डेंटिस्टबाई म्हणाल्या. "दिवा निम्मा करा. बाकी हात लावू नका. आणि..." त्यांनी बादलीचं झाकण उघडलं. "मावशी माझ्याकडे निमूट राहील. आणलेलं पाणी गार व्हायच्या आत घालू या तिला."

ताई टँकसमोर बाह्या वर करून उभी होती. या बाईंनी सुट्टीची सकाळ घालवली होती, कारण शोधून दिलं होतं, थर्मामीटर आणलं होतं. शब्द दिलेला होता. या घरात पाहुण्याला नाही म्हणायची रीत नव्हती, आणि नवरा, भाऊ, सासू तिघंही आता तिने द्यायचं सभ्य उत्तर मनातल्या मनात जुळवत होते. नवऱ्याने तर "जरा चहा..." असं सुरूही केलं.

"नाही," ताई म्हणाली. "मावशी मी देणार नाही."

"अगं," सासूबाई म्हणाल्या.

"मला द्यायचीच नव्हती. तिच्यामुळे याचं मरतंय असं वाटलं म्हणून देत होते. तुम्हाला हेलपाटा पडला, त्याबद्दल माफ करा. पण नाही."

डेंटिस्टबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि झाकण परत लावलं. "हे फोनवर सांगितलं असतं तर मी झोपले असते," त्या म्हणाल्या. "तुकडा देणार का पण? टोपीच्या कडेचा. एवढासा."

"आता नाही. आता तिला कापलं तर सडेल. फुलल्यावर देते."

"चालेल. आणि चहा बिनसाखरेचा द्या, साखरेवर माझा धंदा चालतो, मी नाही."

"मलाही बिनसाखरेचा," धाकटा घाईघाईने म्हणाला.

ताई वळली. "तुला दोन चमचे लागतात."

"कॉलेजात असताना सोडली गं, ताई."

"आणि तीन आठवडे पीत होतास?"

"तू घालत होतीस!"

पुढचे दिवस सोपे नव्हते. पिशव्या एकेक करून निघाल्या, ताईची नेहमीची लहान तेवढी राहिली. दिवा मंद झाला. शिंगांच्या वरच्या तीन फांद्या गेल्या त्या गेल्याच. धाकट्याने त्या कात्रीने तोडून काढल्या, आणि तोडताना ताईने टँकवर टॉर्च धरली. "तुझ्या कोळशाने गेल्या की माझ्या?" त्याने विचारलं. "दोघांच्या," ती म्हणाली. "आणि ह्यांच्या." खालचा जांभळा भाग मात्र तगला, आणि तोडलेल्या जागी हळूहळू नवं कातडं चढायला लागलं.

मावशी तशीच मिटलेली. ताई रोज घरी येऊन पर्ससकट समोर उभी राहायची. हात आत घालून तिच्यावरून पाण्याचा झोत फिरवावा, जागा बदलावी, काहीतरी करावं, असं तिला वाटायचं. सासूबाईंनी सोफ्यावरची आपली जागा एव्हाना सरळ मागून घेतली होती. तिथून त्या तिच्यावर लक्ष ठेवून असत.

"हात बाहेर," त्या म्हणत.

"नुसतं बघतेय, आई."

"बघ. कोपरापर्यंत नको बघूस."

एका सकाळी नवरा दाढी करत मोठ्याने बातम्या ऐकत होता, आणि त्या आवाजाला कंटाळून धाकटा उठून हॉलमध्ये आला. टँकच्या तळाशी प्लॅस्टिकच्या कागदासारखा, पातळ, मातकट पापुद्रा पडला होता. मावशीच्या टोपीच्या एका कडेला, खिडकीकडच्या बाजूने, बारीक हातांची एक ओळ बाहेर आली होती. बाकी टोपी अजून गुळगुळीतच होती.

"ताई!" त्याने हाक मारली. "ताई, ऊठ!"

ती केस तसेच मोकळे घेऊन धावत आली, खाली बसली आणि नाक काचेला टेकवून पाहत राहिली. कडेची ओळ पाण्याबरोबर हलत होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारी आणखी दोन हात उघडले, मग आणखी एक.

"डेंटिस्टबाईंना फोन करू?" धाकट्याने विचारलं.

"नको. पूर्ण फुलू दे. मग मीच कापून देईन," ताई म्हणाली. "आणि तू आता सरक, माझ्या उजेडात येतोयस."

तो सरकला.